स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणारी सूज घरी कशी सांभाळावी

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर हाताला येणारी सूज बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी ब्लाउजला कळते. एका बाजूची बाही दंडावर तटतटू लागते, संध्याकाळी बांगड्या मागे सारल्या की मनगटावर वळ दिसतो, अंगठी बोटात अडकते, किंवा डोळ्यांना काहीच दिसत नसताना हात नुसता जड आणि भरल्यासारखा वाटतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, बाबतीत असेच झाले. तासगाव तालुक्यातल्या तिच्या गावच्या शिंप्याने शिवणीतली माया उसवून तिची उजवी बाही दुसऱ्यांदा सैल केली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. तोवर शस्त्रक्रियेला चौदा महिने होऊन गेले होते. रुग्णालयातून घरी सोडताना टाके, औषधे आणि पुढची केमो यांविषयी सगळे नीट सांगितले होते, हाताविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्यानंतर मिरजेला फिजिओथेरपीसाठी घातलेल्या फेऱ्यांत जे शिकलो आणि घरी करून पाहिले, ते इथे मांडले आहे. डॉक्टरांच्या दोन भेटींमधले जे दिवस घरी काढायचे असतात, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

या सुजेला वैद्यकीय भाषेत लिम्फेडीमा म्हणतात. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेला द्रव आणि त्यातली प्रथिने उचलून परत रक्तात सोडण्याचे काम लसीकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या करतात, आणि हाताकडच्या बहुतेक नळ्या काखेतल्या गाठींमधून, म्हणजे लसीकाग्रंथींमधून, पुढे जातात. या ग्रंथी शस्त्रक्रियेत काढल्या, किंवा रेडिएशनने (आपल्याकडे त्याला ‘लाइट देणे’ म्हणतात) तिथली जागा आवळली, की निचरा कमी पडतो. वाळवा, पलूस, मिरज या भागातली क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी येतच राहते, निचरा नसतो, पाण्याबरोबर क्षार साठतात आणि काही वर्षांत मातीचा पोतच बदलून जातो. हातात साठलेल्या द्रवातही प्रथिने असतात, आणि तो बराच काळ तसाच राहिला तर तिथे तंतू आणि चरबी वाढून हात टणक होत जातो. सुरुवातीला सुजेवर बोट दाबले की खड्डा पडतो, आणि रात्री हात उशीवर ठेवून झोपले की सकाळी सूज बरीच उतरलेली असते. पुढे खड्डा पडेनासा होतो आणि उशीचाही उपयोग होत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या या सुजेवर का चालत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे: त्यांनी पाणी निघून जाते, प्रथिने मागे राहतात आणि ती पुन्हा पाणी ओढून घेतात. हत्तीरोगावरच्या गोळ्यांचाही इथे काही संबंध नाही, कारण तो आजार डासांमार्फत येणाऱ्या कृमींमुळे होतो.

ही सूज सगळ्यांना येत नाही. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढाव्या लागलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला ती येते. जिथे सेंटिनल नोड बायोप्सी करून पहिल्या एक-दोन ग्रंथीच तपासायला काढलेल्या असतात, तिथे हे प्रमाण विसांत एक इतके खाली असते. काखेला रेडिएशन मिळालेले असणे, वजन जास्त असणे आणि हाताला जंतुसंसर्ग होऊन गेलेला असणे, यांनी धोका वाढतो. बहुतेकींना सूज पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते, पण दहा वर्षांनी आल्याचीही उदाहरणे आहेत, त्यामुळे ‘आता इतकी वर्षे झाली’ म्हणून लक्ष काढून घेऊ नये. किती ग्रंथी काढल्या आणि त्यांतल्या कितींत रोग सापडला, हे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेले असते. तो आकडा एका वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावा, कारण पुढे भेटणारा प्रत्येक डॉक्टर तो विचारतो.

हाताचे माप

त्याच वहीचे दुसरे पान मापांसाठी ठेवावे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे दहा-वीस रुपयांना मिळणारा शिवणकामाचा टेप. डोळ्यांना सूज दिसू लागते तोपर्यंत हातात बराच द्रव साठलेला असतो, आणि टेप मात्र त्याच्या कितीतरी आधी बोलतो. शक्य असेल तर पहिले माप शस्त्रक्रियेच्या आधीच घ्यावे, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो आणि तो फरक माहीत नसेल तर नंतर उगाच घोटाळा होतो. आधी घ्यायचे राहून गेले असेल, तर आज घेतलेले माप हेच पहिले माप समजावे.

आक्काकडे हे काम महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी, डेअरीला दूध घालून आल्यावर होते. ती खुर्चीवर बसते, हात टेबलावर सरळ आणि सैल ठेवते, आणि सून बॉलपेनने खुणा करते. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जे उंच हाड हाताला लागते ते शून्य धरायचे, आणि तिथून वर दर १० सेंटिमीटरवर, म्हणजे १०, २०, ३० आणि ४० वर, एकेक ठिपका द्यायचा. तळहाताचा घेर अंगठा सोडून वेगळा मोजायचा. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही हात मोजायचे, दर वेळी शक्यतो त्याच माणसाने, त्याच वेळी आणि स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही, घालण्यापूर्वी. पहिल्या दोन-तीन वेळा सून टेप ओढून धरत होती आणि आक्काचा हात दर महिन्याला ‘बारीक’ होत होता, हे आम्हाला उशिरा कळले.

दोन हातांच्या एकाच खुणेवरच्या मापांत पूर्वी नसलेला २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक आला, तर डॉक्टरांना दाखवावे. दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून एकदा हिशेब करून पाहावा. लागोपाठच्या दोन घेरांचे वर्ग आणि त्या दोन घेरांचा परस्परांशी गुणाकार अशा तीन संख्यांची बेरीज करावी, तिला दोन खुणांमधल्या अंतराने गुणावे आणि ३७.७ ने भागावे. उत्तर मिलिलिटरमध्ये येते. एका हाताचे घेर २४ आणि २६ असतील तर त्या १० सेंटिमीटरच्या भागाचे आकारमान सुमारे ४९८ मिलिलिटर येते, आणि दुसऱ्याचे २६ आणि २८ असतील तर ५८० येते. हाताच्या एवढ्याशा भागात अर्धा कप चहाइतका द्रव जास्त साठला आहे, असा याचा अर्थ. संपूर्ण हाताचा फरक २०० मिलिलिटर किंवा १० टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टर सामान्यतः लिम्फेडीमा झाला असे धरतात. पण त्याहून कमी फरक सलग दोन महिने वाढत असेल तरी वाट पाहत बसू नये.

सूज दिसली की लगेच मालिश किंवा पट्टी सुरू करायची नाही, आधी तपासणी करून घ्यायची. काखेत रोग परत आल्याने किंवा हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यानेही हात सुजतो. एक-दोन दिवसांत झपाट्याने आलेली सूज, निळसर पडलेला किंवा खूप दुखणारा हात, बोटांतली शक्ती जाणे, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर नवी गाठ लागणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी निघावे. सातारा-सांगलीकडच्या लोकांना त्यासाठी लगेच पुणे-मुंबई गाठण्याची गरज नसते, मिरज आणि कराड इथे कर्करोगाच्या उपचारांची सोय आहे.

पट्टी आणि स्लीव्ह

इतर कारणे नाहीत अशी खात्री झाल्यावर उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात, साधारण दोन ते चार आठवडे, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट रोज किंवा आठवड्यातून पाच दिवस हलक्या हाताने मालिश करून बोटांपासून दंडापर्यंत अनेक थरांची पट्टी बांधतात. ही पट्टी कमी ताणली जाणारी असते. मेडिकलमध्ये मिळणारे, पाय मुरगळल्यावर बांधतो ते क्रेप बँडेज खूप ताणले जाते, आणि ते या कामाचे नाही. कमी ताणणारी पट्टी हात स्वस्थ असताना फार आवळत नाही, पण हालचाल करताना स्नायू फुगले की ती मागे हटत नाही. त्यामुळे प्रत्येक हालचालीत आतला द्रव पुढे ढकलला जातो. म्हणूनच पट्टी बांधून गप्प बसून राहणे हा अर्धाच उपचार झाला. पट्टीखाली बोटे बधिर झाली, मुंग्या आल्या किंवा निळी पडली तर रात्री दोन वाजले असले तरी ती सोडावी.

माप उतरून स्थिर झाले की दुसरा टप्पा सुरू होतो, आणि तो कायमचा असतो. यात दिवसभर कॉम्प्रेशन स्लीव्ह घालायची असते. आमची मोठी चूक इथे झाली. खर्च वाचवायचा म्हणून आम्ही मेडिकलमधून ‘मीडियम’ म्हणून मिळाली ती स्लीव्ह माप न देताच आणली. तिची वरची कड दंडावर गुंडाळून सुतळीसारखी रुतायची, आणि चार दिवसांत आक्काच्या हाताचा पंजा पोळीसारखा फुगला, कारण द्रव वर जाण्याऐवजी खाली ढकलला जात होता. स्लीव्ह नेहमी सूज उतरलेल्या हाताच्या मापाने घ्यावी, आणि पंजाला सूज असेल तर तिच्याबरोबर बोटे उघडी राहणारा हातमोजाही घ्यावा. दाब किती असावा हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतात. साधारणपणे २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब वापरला जातो, सूज सौम्य असेल तर त्याहून कमी. हृदयविकार किंवा हाताच्या रक्तपुरवठ्याचा त्रास असेल तर तो आधी सांगितला पाहिजे.

स्लीव्ह सकाळी उठल्या उठल्या, आंघोळीनंतर हात पूर्ण कोरडा करून घालावी आणि रात्री झोपताना काढावी. दोन्ही हातांत भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ती वर सारली तर नखाने फाटत नाही आणि सुरकुतीही राहत नाही. सुरकुती राहिली की तिथे वळ उठतो. कोपराच्या खोबणीत कापड गोळा झालेले दिवसातून दोन-तीनदा सपाट करावे. सौम्य साबणाने रोज धुवावी, पिळू नये आणि उन्हात वाळवू नये. त्यामुळे दोन स्लीव्ह लागतात, एक अंगावर आणि एक दोरीवर. साधारण सहा महिन्यांत तिचे इलॅस्टिक ढिले पडते. आक्काने विकत घेतल्याची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, कारण सहज चढू लागलेली स्लीव्ह बायकांना फार आवडते आणि नेमकी तीच निकामी झालेली असते. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात ती नकोशी होते हे खरे आहे. दुपारी घरात सावलीला बसल्यावर तासभर काढली तर आभाळ कोसळत नाही, पण शेतात काम चालू असताना काढू नये.

पैसे मोजकेच असतील तर ते कशावर घालावेत, असे मला अनेकींनी विचारले आहे. माझे उत्तर असे की आधी नीट मापाची स्लीव्ह घ्यावी, मग फिजिओथेरपिस्टकडे शिकण्यासाठी काही बैठका कराव्यात आणि हवा भरून दाब देणारे यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे, तेही कोणी जाणकाराने सुचवले तरच. यंत्र पूरक आहे, ते स्लीव्हची जागा घेत नाही.

मालिश

मालिश म्हटले की आपल्याकडे तेल, जोर आणि मालिश करणाऱ्याचा घाम डोळ्यांसमोर येतो. इथे यांतले काहीच नको. ही पद्धत डेन्मार्कच्या एमिल वॉडर यांनी १९३० च्या दशकात रूढ केली, आणि तिच्यात फक्त कातडी हलेल इतकाच दाब द्यायचा असतो. क्रम उलटा वाटतो, पण तोच महत्त्वाचा आहे. आधी पाच-सहा खोल श्वास पोटातून घ्यायचे, मग मानेच्या दोन्ही बाजू, दुसऱ्या बाजूची निरोगी काख आणि सुजेच्या बाजूची जांघ इथे हलके गोलाकार हात फिरवायचा, त्यानंतर छातीवरून निरोगी काखेकडे, आणि मग दंड, कोपराखालचा भाग व शेवटी पंजा. शेतकऱ्याला हे पटकन कळते, कारण तुंबलेली चर उपसताना आपण आधी पुढचा मार्ग मोकळा करतो. हाताची दिशा नेहमी धडाकडे असावी. हे प्रत्यक्ष पाहूनच शिकावे. रेडिएशनने नाजूक झालेल्या कातडीवर करू नये.

बिब्बा, डाग, जळवा, तापवलेल्या विटेचा शेक आणि हळदीचा कढत लेप यांपैकी काहीही या हाताला लावू देऊ नये. सल्ला देणारी माणसे आपल्याच घरातली असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणे सर्वांत कठीण जाते. आक्काच्या चुलत सासूबाईंनी बिब्बा आणून ठेवला होता. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि या हातावरचा फोड म्हणजे जंतूंना उघडे दार असते. शेकाने रक्तप्रवाह वाढून आणखी द्रव झिरपतो, त्यामुळे सूज उतरण्याऐवजी चढते.

व्यायाम आणि कामधाम

‘या हाताने आता काही उचलू नका’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला आणि त्याने अनेक बायकांचे हात आखडले. २००९ साली अमेरिकेत लिम्फेडीमा असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रमाण १४ टक्के राहिले. व्यायाम न करणाऱ्यांत ते २९ टक्के होते. यातला ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि त्या बायका व्यायामाच्या वेळी स्लीव्ह घालत होत्या हेही.

घरच्या व्यायामाला पंधरा मिनिटे पुरतात. स्लीव्ह घालून बसावे, खोल श्वास घ्यावेत, खांदे वर-खाली आणि गोल फिरवावेत, कोपर वाकवून सरळ करावे, मनगट फिरवावे, मूठ आवळून सोडावी, प्रत्येक हालचाल दहा वेळा. भिंतीवरून बोटांनी चढत हात जितका वर जाईल तितका न्यावा आणि तिथे पेन्सिलीने खूण करावी. वजन सुरू करताना अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्यावी आणि पंधरा दिवस काही त्रास नसेल तरच पुढे जावे. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला किंवा माप वाढले, तर एक पायरी मागे यावे.

शेतातले काम व्यायामात धरू नये, कारण तिथे वजन आणि वेळ आपल्या हातात नसतात. वैरणीचा भारा, पाण्याने भरलेली घागर, खताचे पोते ही कामे सुजेच्या हाताने एकदम करू नयेत, पण भांगलण, धार काढणे, भाकरी थापणे बंद करण्याचे कारण नाही. दर अर्ध्या तासाने थांबून हात डोक्यावर नेऊन दहा-वीस वेळा मूठ आवळावी. द्राक्षांच्या विरळणीत हात तासन्‌तास मांडवाकडे वर धरून कात्री चालवावी लागते, तेव्हा कात्री अधूनमधून दुसऱ्या हातात घ्यावी. आक्काला डाव्या हाताने कात्री धरायला एक हंगाम लागला. एसटीच्या प्रवासात पिशवी दुसऱ्या खांद्यावर असावी. वजन आटोक्यात ठेवणे हाही उपचारच आहे. त्यासाठी वेगळे पथ्य नाही, प्रथिने कमी करू नयेत आणि मीठ बेताने खावे.

कातडीची काळजी आणि ताप

निचरा कमी असलेल्या हातात जंतू शिरले की ते झपाट्याने पसरतात आणि प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या वाहिन्यांचे नुकसान करून जातो. म्हणून रोज रात्री स्लीव्ह काढल्यावर हात धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून साधे खोबरेल किंवा सुगंध नसलेले मलम लावावे आणि उजेडात हात एकदा सगळीकडून पाहावा. उसाचा पाला, बाभळीचा काटा, विळी, तव्याचा चटका, मांजराचे नख, डास हे आपल्याकडचे नेहमीचे शत्रू आहेत. वैरण काढताना पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे घालावेत, फवारणीच्या औषधाला हात लावू नये, नखांजवळची कातडी ओढू नये. लग्नसराईत कासाराकडे त्या हातात काचेच्या बांगड्या भरून घेऊ नयेत, कारण तो पंजा दाबून बांगडी चढवतो आणि काच फुटली तर जखम होते. कडी उघडणारी सैल बांगडी चालते. जखम झालीच तर साबणाच्या पाण्याने धुवावी, जंतुनाशक लावावे आणि दोन दिवस लक्ष ठेवावे.

रक्तदाब आणि सुई यांविषयी मनात फार भीती असते. सहाशेहून अधिक स्त्रियांवरच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात, त्या हाताने रक्तदाब मोजणे, रक्त काढणे किंवा विमानप्रवास करणे यांचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करावा, एवढे पुरे. तातडीच्या वेळी मात्र सुई कोणत्या हाताला लावायची यावरून वाद घालू नये.

खरी तातडी वेगळीच असते. हात अचानक लाल आणि गरम झाला, लाली कडेकडेने पसरू लागली, थंडी वाजून ताप भरला, तर तो कातडीचा संसर्ग समजावा. जुनी माणसे ज्याला धावरे म्हणत तोच हा प्रकार. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये, काही तासांत डॉक्टरांकडून प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे, आणि रात्री ताप खूप चढला तर रुग्णालयातच जावे. निघण्यापूर्वी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून वेळ लिहावी, म्हणजे डॉक्टरांना ती किती वेगाने सरकते हे कळते. स्लीव्ह आणि मालिश लगेच बंद करावी, हात उशीवर ठेवावा. गोळ्यांचा कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करावा. वर्षात दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा असे झाले, तर पुढे संसर्ग होऊ नये म्हणून दीर्घकाळ औषध द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. दाब सहन होऊ लागला की डॉक्टरांच्या परवानगीने स्लीव्ह पुन्हा सुरू करायची असते, पण त्याआधी टेप काढून दोन्ही हात मोजावेत. संसर्गानंतर माप वाढलेले असेल तर जुनी स्लीव्ह तशीच ओढून चढवू नये. वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जावे आणि काही दिवस पट्टी बांधून हात आधीच्या मापावर आणावा.